संशयकल्लोळच्या सहा नोंदी

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी, बाहेर धो धो पाऊस आणि वीज दर दहा मिनिटांनी जातेय, अशात लॅपटॉपच्या बॅटरीवर मी आमच्या वाचनालयाच्या एक्सेल शीटमध्ये नुसतं 'कल्लोळ' शोधलं आणि सहा ओळी आल्या. आता देवलांच्या या नाटकाच्या सहा प्रती आमच्याकडे असणं शक्यच नव्हतं. कपाट उघडून बघितलं तर छापील पुस्तकं दोन, एकाची पहिली चार पानं कसरीनं खाल्लेली, दुसरं नंतरचं पुनर्मुद्रण. मग एक हाताने लिहिलेली जाड वही, जत्रेच्या नाटकात प्रॉम्प्टर विंगेत घेऊन बसतो ती. मग एक पातळ वही, तिच्यात फक्त फाल्गुनरावाच्या वाक्यांची नक्कल. उरलेल्या दोन ओळी म्हणजे पुनर्मुद्रणाच्या स्कॅनची पीडीएफ, फाईल एकच पण नोंद दोनदा, एकदा 'स्कॅन0001' आणि एकदा 'स्कॅन0001 फायनल'. आणि नाव तीन तऱ्हांनी, संशयकल्लोळ, संशय कल्लोळ, सं. संशयकल्लोळ. नाटकाचं नाव काय ते बघा आणि आमची अवस्था काय ती बघा.

आमच्या गावचे जुने नाटकवाले मास्तर बाजूलाच बसले होते. मी म्हटलं, मास्तर, हे सहा आहेत की एक आहे? ते म्हणाले, "अगे बाय, नाटक एकूच मगे."

तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे डिजिटल करायचं काम त्याआधी दीड वर्ष चालू होतं, पण आपण नेमकं कशाची नोंद करतोय हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नव्हता, मलाही नाही, आणि मी 11 वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढलेली बाई आहे. तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं, मी परीक्षेपुरतं शिकले होते, 'मार्क' नावाच्या नोंदपद्धतीचे रकाने भरायचे, नंबर टाकायचा, पुस्तक फडताळावर.

आमचं वाचनालय फोंडा तालुक्यात, देवळाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली. दाखल वहीत चार हजारांच्या आसपास क्रमांक आहेत, त्यातली पुस्तकं जागेवर किती हे विचारू नका. कमिटीने आधी एका एजन्सीला काम दिलं होतं, त्यांनी तीन महिन्यांत साडेतीनशे पुस्तकं स्कॅन करून एक हार्ड डिस्क आणि एक एक्सेल शीट दिली आणि गेले. शीटमध्ये रकाने होते नाव, लेखक, तारीख, भाषा, पानं. सगळ्या पुस्तकांच्या पुढे तारीख 2019. म्हणजे आमच्या वाचनालयात सगळी पुस्तकं 2019 साली छापलेली! मी पहिल्यांदा हसले, मग लक्षात आलं की हे चूक नाही, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण त्यांनी नोंद केली ती पीडीएफची आणि पीडीएफ 2019 लाच बनली होती. लेखक मात्र पीडीएफचा नव्हता, पुस्तकाचा होता. एका ओळीत दोन वेगवेगळ्या गोष्टींची माहिती कालवलेली, भात-आमटीसारखी, आता वेगळी काढा.

या गोष्टीवर नियम आहे हे मला नंतर कळलं. डब्लिन कोअर म्हणून नोंदीचे 15 घटक आहेत, शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा वगैरे, 1995 साली डब्लिनला जमलेल्या मंडळींनी त्याची सुरुवात केली, आणि हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही तर अमेरिकेतल्या ओहायोतलं, मला बरीच वर्षं आयर्लंडच वाटायचं. तर या डब्लिन कोअरमध्ये एक तत्त्व आहे की एका नोंदीत एकाच गोष्टीचं वर्णन करायचं. पुस्तकाचं करा नाहीतर स्कॅनचं करा, दोन्ही हवं असेल तर दोन नोंदी करा आणि दोघांत 'याचं रूप' असा धागा बांधा. वाचताना किती साधं वाटतं. साडेतीनशे ओळी त्या हिशेबाने फोडायला बसलं की कळतं.

मी मग पणजीला जायला लागले, पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत. कृष्णदास शामांच्या नावाची ती, 1832 सालापासूनची. घरी बसून वाचायला गेलं की मध्येच कुकर, मध्येच दूधवाला, म्हणून बुधवारी फोंड्याहून बस पकडायची, वरच्या मजल्यावर खिडकीजवळची जागा धरायची आणि प्रिंट काढून नेलेलं वाचायचं. काय वाचत होते तर एफआरबीआर. हे ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, इफ्लाचं, 1998 चं प्रतिमान, म्हणजे नोंदी कशा रचायच्या त्याचा आराखडा, पुढे 2017 साली त्याचं एलआरएम झालं. कॉलेजात असताना एका सेमिनारला स्लाइडवर बघितलं होतं, चार चौकोन आणि बाण, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

चार चौकोन म्हणजे वर्क, एक्स्प्रेशन, मॅनिफेस्टेशन आणि आयटम. हे चार शब्द मी वाचनालयात येऊन जसेच्या तसे सांगितले तर मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, म्हणजे पुढचं ऐकणार नाहीत. मग मी त्यांच्याच विषयावर आले. मास्तर वयाच्या सोळाव्या वर्षापासून जत्रेच्या नाटकात, आधी स्त्री पार्ट, मग खलनायक, शेवटची वीस वर्षं प्रॉम्प्टर. मी म्हटलं, मास्तर, देवलांच्या डोक्यातून निघालेलं नाटक, ते अजून कागदावर नाही, आवाजात नाही, नुसतं 'संशयकल्लोळ' म्हटल्यावर आपल्याला जे समजतं ते, ती झाली कृती. मग तुम्ही गावात केलंत तेव्हा रात्र पुरत नाही म्हणून आठ पदं कापलीत, एक प्रवेश उडवला, ती शब्दांची जी मांडणी झाली तो झाला पाठ. ते शब्द कुणीतरी छापले, अमुक सालची, अमुक छापखान्याची, इतक्या पानांची, ती आवृत्ती. आणि त्या आवृत्तीचं तुमच्या हातातलं हे पुस्तक, ज्याच्यावर समईचं तेल सांडलंय, ती प्रत. मास्तरांनी चष्मा घातला. म्हणाले, मग तेल कुठे लिहायचं? मी म्हटलं, प्रतीत. आणि कापलेली पदं? पाठात. मग मला म्हणतात, हे आम्हाला आधीपासूनच माहीत आहे, तुम्ही पणजीला कशाला जाता.

गंमत म्हणजे हे खरं आहे. नाटकवाल्या माणसाला हे समजावं लागत नाही. संहिता वेगळी, प्रयोग वेगळा, नक्कल वेगळी, पुस्तक वेगळं, हे त्याच्या अंगात असतं. ते डोक्यात शिरत नाही ते आमच्यासारख्यांच्या, ज्यांनी जन्मभर कपाटातलं पुस्तक हीच एक वस्तू बघितली.

मग आम्ही सहा ओळी घेऊन बसलो. एक संध्याकाळ पुरेल असं वाटलं होतं, तीन रविवार लागले.

पीडीएफच्या दोन ओळींची एक केली आणि ती पुनर्मुद्रणाच्या नोंदीला जोडली, हे सोपं. छापील दोन, आवृत्ती वेगळी, म्हणून दोन नोंदी, पण दोन्ही वर एकाच पाठाला टांगल्या कारण मास्तरांनी आणि मी पान-पान ताडून बघितलं, शब्द तेच होते. प्रॉम्प्टरची वही आली आणि वाद सुरू झाला. वही हस्तलिखित, तिची दुसरी प्रत नाही, म्हणजे आवृत्ती आणि प्रत एकच. पण पाठ? शाईत संपूर्ण नाटक उतरवलेलं आहे, म्हणजे छापील पुस्तकाचाच पाठ, आणि त्यावर नंतर पेन्सिलीने पदं काटलेली, 'येथे पडदा', 'येथे बोर्ड बदलणे', एका ठिकाणी नुसतं 'थांब!!' असं दोन उद्गारचिन्हांसकट. शाई वाचली तर देवलांचा पाठ, पेन्सिल वाचली तर गावाचा पाठ. माझं म्हणणं पेन्सिल ही प्रतीवरची खूण आहे, जसं तेल, ती टिपेत लिहा. मास्तरांचं म्हणणं तेल सांडतं, पेन्सिल सांडत नाही, कुणीतरी विचार करून काटलंय, त्याप्रमाणे प्रयोग झालेत, लोकांनी ते ऐकलंय. शेवटी मी हरले आणि आता वाटतं बरं झालं हरले. गावाचा पाठ म्हणून वेगळी नोंद केली, तिला 'संक्षिप्त' असा धागा मूळ पाठाशी बांधला.

फाल्गुनरावाची नक्कल तर आणखी वेगळी. नक्कल म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका नटाची फक्त स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे कधी बोलायचं ते कळावं. ती पूर्ण नाटकाचा भाग आहे, पण फाडून काढलेलं पान असतं तसा भाग नाही, एका माणसासाठी नव्याने विणलेला तुकडा आहे. आम्ही तिला पाठच म्हटलं, गावाच्या पाठातून काढलेला, कारण नकलेत तीच पदं गाळलेली होती जी पेन्सिलीने काटली होती. हे जेव्हा जुळलं तेव्हा मास्तर उठून दोन कप चहा सांगून आले. म्हणजे नक्कल पेन्सिलीनंतरची. दोन वह्यांचा क्रम लागला, तोपर्यंत त्या एकाच कपाटात शेजारी शेजारी पन्नासेक वर्षं पडून होत्या आणि कुणालाही त्यांचा संबंध माहीत नव्हता.

आता कुणी म्हणेल कृतीच्या पातळीवर तरी भांडण नसेल. आहे ना! संशयकल्लोळ रंगभूमीवर आलं 1916 साली, त्याच वर्षी देवल गेले. पण त्याआधी 1893 चं त्यांचंच गद्य नाटक आहे, 'फाल्गुनराव', आणि संशयकल्लोळ म्हणजे त्याला पदं घालून केलेलं संगीत रूप. आणि फाल्गुनराव स्वतः इंग्रजीवरून, आर्थर मर्फीच्या 1761 च्या नाटकावरून, आणि मर्फीने घेतलं मोलिएरच्या 1660 च्या फ्रेंच नाटकातून. आता सांगा कृती किती? नियमाने भाषांतर झालं तर कृती तीच राहते आणि पाठ बदलतो, पण माल घेऊन नवं काहीतरी रचलं, प्रकार बदलला, तर ती नवी कृती. देवलांनी भाषांतर केलं असं मराठी माणूस म्हणेल का? कृत्तिका आणि अश्विनशेठ यांना पॅरिसमध्ये कोण ओळखणार. म्हणून मोलिएर, मर्फी, फाल्गुनराव, संशयकल्लोळ अशा चार कृती आणि मध्ये 'आधारित' असे तीन धागे. पहिल्या दोन कृतींची आमच्याकडे एकही प्रत नाही, तरी नोंद आहे. माझ्या भाच्याने, तो इंजिनिअरिंगला आहे आणि आमचा आयटी विभाग आहे, विचारलं, मावशी, जे आपल्याकडे नाही त्याची नोंद कशाला? मी म्हटलं तुझ्या आजोबांच्या आजोबांचं नाव वंशावळीत आहे ना, ते कुठे आहेत आता?

भाच्याने सॉफ्टवेअर ओमेका एस घेतलं. आधी डीस्पेस बघितलं होतं, ते मोठ्या संस्थांचं, आमच्या जुन्या डेस्कटॉपला झेपेना. इथे एक वैताग सांगते. एफआरबीआरमध्ये आयटम म्हणजे हातातली प्रत्यक्ष प्रत. डीस्पेसमध्ये आयटम म्हणजे एक नोंद आणि तिच्याखालच्या फायली. ओमेकात आयटम म्हणजे जे काही वर्णन करायचं ते, कृतीही आयटम, लेखकही आयटम. पहिले दोन महिने मी आणि भाचा एकमेकांशी आयटम आयटम बोलत होतो आणि दोघांच्या डोक्यात वेगळी वस्तू. शेवटी मी फतवा काढला की या खोलीत आयटम हा शब्द बंद, कृती, पाठ, आवृत्ती, प्रत, फाईल एवढंच बोलायचं. फायदा झाला.

मग लेखक. बोरकरांचं उदाहरण देते, कारण बोरकर आमचे आणि बोरीही फोंडा तालुक्यातच. दाखल वहीत ते बा. भ. बोरकर आहेत, बोरकर बा. भ. आहेत, बाळकृष्ण भगवंत बोरकर आहेत, एका दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत नुसते बाकीबाब. संगणकाच्या लेखी चार कवी. शिवाय त्यांची मराठी पुस्तकं एका कपाटात आणि कोकणी दुसऱ्या, म्हणजे कपाटांनीही फाळणी केलेली. तसंच वर्दे वालावलीकार आणि शणै गोंयबाब, माणूस एक. आणि पोर्तुगीज काळातल्या कागदांवर तर आडनावांचं वेगळंच, प्रभूचं पोरोबो, शेणैचं सिनाय. यावर उपाय जुनाच आहे, व्यक्तीची एक स्वतंत्र नोंद करायची, तिच्यात सगळी नावं कोंबायची, एक ठळक धरायचं, आणि पुस्तकाच्या नोंदीत नाव टाइप करायचंच नाही, त्या व्यक्तीकडे बोट दाखवायचं. नाव हे व्यक्तीचं असतं, पुस्तकाचं नसतं. एकदा व्यक्ती वेगळी झाली की जन्ममृत्यूही तिथेच जातात आणि त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. बोरकर 1984 ला गेले, म्हणजे 2044 संपेपर्यंत त्यांची पुस्तकं आम्ही खुली करू शकत नाही, स्कॅन वाचनालयातच बसून बघायचं. देवल मोकळे. हे आता एका व्यक्तीच्या नोंदीवरून तिच्या सगळ्या पुस्तकांना आपोआप लागतं, पूर्वी आम्ही प्रत्येक पुस्तकापुढे हाताने 'परवानगी?' असं लिहायचो.

तारखांचा घोळ वेगळाच. प्रॉम्प्टरच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने पात्रांची यादी आहे, कोण कृत्तिका, कोण रेवती, आणि खाली 'शके 1869'. शकात 78 मिळवा, झालं इसवी सन, असं सगळे सांगतात. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर 79 मिळवायचे. नुसतं शके 1869 असेल तर ते 1947 ही असू शकतं नि 1948 ही. एजन्सीच्या शीटमध्ये अशा ठिकाणी सरळ 1947. तारखा लिहायची एक वाढीव पद्धत आहे, आता ती आयएसओ मानकातही आलीये, तिच्यात चौकोनी कंसात [1947,1948] लिहिलं की अर्थ होतो या दोघांतलं एक, आणि 1947/1948 असं तिरकी रेघ देऊन लिहिलं की अर्थ होतो इथपासून तिथपर्यंत. एक कंस आणि एक रेघ, केवढा फरक. पहिल्यात आपल्याला नक्की माहीत नाही, दुसऱ्यात प्रयोग दोन वर्षं चालला. मग मास्तरांना आठवलं की आमच्या देवळाचा उत्सव माघात असतो, नाटक तेव्हाच होणार, म्हणजे 1948. पण हे वहीत लिहिलेलं नाही, हे मास्तरांचं अनुमान, म्हणून तारीख 1948 आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि टिपेत अनुमान कशावरून ते. आणि ही तारीख वहीची नव्हे हो, त्या प्रयोगाची! वही कधी लिहिली ते कुठेच नाही. म्हणून प्रयोगाची आणखी एक नोंद झाली, त्या रात्रीची, तिला नटांची नावं लागली. सहा ओळींच्या वाढता वाढता सतरा झाल्या. कमिटीच्या मीटिंगमध्ये एकाने विचारलं की काम कमी करायला संगणक आणला होता ना.

एक्सेलने केलेला एक छळ सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. मासिकांचे जोडअंक असतात, अंक 3-4. एक्सेलमध्ये 3-4 लिहून एंटर मारलं की ते 3 एप्रिल होतं. 1-2 चं 1 फेब्रुवारी. आमच्या शीटमध्ये कितीतरी मासिकांचे अंक एप्रिल-फेब्रुवारीत निघालेले होते आणि आम्ही ते महिना समजून वाचत होतो. 13-14 मात्र तसाच राहिलेला, कारण चौदावा महिना नाही. त्यावरूनच भाच्याला शंका आली.

भाषेच्या रकान्यावर जे झालं ते अख्खं लिहीत नाही, गोव्यात राहणाऱ्यांना कळेलच. आमच्याकडे 1956 सालची ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे. फादर स्टीफन्सचं हे पुराण, सुमारे 11 हजार ओव्या, रायतूरला 1616 साली रोमन लिपीत छापलं, मग 1649 आणि 1654 ला पुन्हा, आणि या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. 1907 ला मंगळूरला पुन्हा रोमनमध्ये निघालं. म्हणजे प्रतिमानाच्या भाषेत तीन आवृत्त्या अशा, की आवृत्ती आहे पण प्रत शून्य. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच सगळे गप्प बसून ऐकत होते, कारण एजन्सीच्या शीटमध्ये हे लिहायला जागाच नव्हती, तिथे प्रत नाही म्हणजे पुस्तक नाही. मग कुणीतरी विचारलं, भाषा काय लिहिणार? आणि अर्धा तास गेला. एकजण म्हणाला मराठी, एकजण म्हणाला त्यात किती कोकणी आहे बघा, एकाने गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा 1967 चा ओपिनियन पोल काढला, मी पंखा वाढवला. तोडगा असा निघाला की भाषा आणि लिपी हे दोन वेगळे रकाने करायचे, भाषेचा रकाना एकापेक्षा जास्त वेळा भरता येतो तर पहिली मराठी, आणि कोकणीची सरमिसळ टिपेत. लिपी 1616 ला रोमन, 1956 ला देवनागरी. लिपी वेगळी काढल्यावर रोमी कोकणी पुस्तकांचाही प्रश्न सुटला, ती आधी 'पोर्तुगीज' म्हणून पडली होती, रोमन अक्षरं दिसली की पोर्तुगीज, संपला विषय.

शोधाचं आणखी एक. मी 'दुसऱ्या' टाइप करून शोधायचे तर अर्ध्याच नोंदी यायच्या. डोळ्याला दोन्ही शब्द सारखे दिसतात, दुसऱ्या आणि दुसर्‍या. पण आत एकात ऱ हे वेगळं अक्षर आहे आणि दुसऱ्यात साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारा जोडक. माझा कीबोर्ड एक लिहितो, एजन्सीवाल्यांचा दुसरा. युनिकोडची नेहमीची सफाई चालवली तरी हे दोन एक होत नाहीत, भाच्याने त्यासाठी वेगळा नियम लिहिला. ॲ चंही तसंच. या एका गोष्टीने मी एक अख्खा आठवडा वेडी झाले होते, वाटलं माझेच डोळे गेले.

आणि गदा. हे राहूनच गेलं असतं. मास्तर एके दिवशी नाटकातली लाकडी गदा घेऊन आले, भीमाची, सोनेरी रंग उडालेला, मुठीवर शाईने साल आणि नाव लिहिलेलं. म्हणाले हिची पण नोंद करा. मला हसू आलं, ही काय पुस्तक आहे? पण सुझान ब्रिए नावाची एक फ्रेंच ग्रंथपाल होती, तिने 1951 साली लिहून ठेवलंय की जंगलात पळणारं हरीण हा दस्तऐवज नाही, पण तेच हरीण पकडून प्राणिसंग्रहालयात ठेवलं, अभ्यासायला, वर्गवारी करायला, की तो दस्तऐवज झाला. मास्तरांच्या माळ्यावर होती तोवर गदा लाकूड होती. टेबलावर आणून 'नोंद करा' म्हटल्यावर काय करणार. गदेला दाखल क्रमांक मिळाला, प्रकार 'वस्तू', धागा एका प्रयोगाच्या नोंदीला, तेव्हा भीम कोण होतं ते मुठीवरच्या नावावरून कळलं. फोटो चार बाजूंनी काढले. फोटोंची नोंद अर्थात वेगळी, गदेची तारीख आणि फोटोची तारीख एक नाही, एवढं तरी आता अंगवळणी पडलंय.

साठवणीचं थोडक्यात सांगते. पहिली हार्ड डिस्क दुसऱ्या पावसाळ्यात दमटपणाने गेली, जवळजवळ दोनशे पुस्तकांचे मूळ स्कॅन गेले, हलक्या पीडीएफ होत्या म्हणून निदान वाचता तरी येतं. आता मोठ्या टिफ फायली 400 डीपीआयच्या, त्या कुणाला द्यायच्या नाहीत, तीन ठिकाणी, एक प्रत माझ्या बहिणीकडे मडगावला सुक्या कपाटात, आणि लोकांना बघायला लहान फायली वेगळ्या. प्रत्येक फाईलची आकड्यांत ओळख काढून ठेवली आहे, दर तीन महिन्यांनी भाचा जुळवून बघतो. स्कॅनमधून अक्षर ओळखणं मी अजून मनावर घेतलेलं नाही, जुन्या ठशांची जोडाक्षरं मशीनला नीट लागत नाहीत आणि मास्तरांचं पेन्सिलीतलं अक्षर तर मास्तरांनाही लागत नाही.

एजन्सीच्या साडेतीनशेपैकी आतापर्यंत एकशे नव्वद नोंदी फोडून झाल्या. वेग अगदीच कमी आहे हे मान्य. सगळ्यांना इतकं खोलात नेत नाही आम्ही, शालेय पुस्तक, पाककृतीचं पुस्तक, कादंबरी, यांना कृती आणि पाठ वेगळे लिहून काहीच मिळत नाही, तिथे आवृत्ती आणि प्रत एवढंच करतो आणि पुढे जातो. नाटकं, हस्तलिखितं आणि बांधीव मासिकं, एवढ्यांनाच पूर्ण इलाज. बांधीव मासिकांनी तर सध्या रडवलंय, कुणीतरी शिवणाऱ्याने दोन वेगळ्या मासिकांचे अंक आणि मध्ये एक पंचांग असं एकाच कापडी पुठ्ठ्यात शिवलंय, दाखल क्रमांक एक. बांधणी एक, आत वस्तू तीन. सोडवायचं म्हटलं तर कागद फाटतो, म्हणून प्रत एक ठेवून तिला तीन आवृत्त्यांचे भाग जोडलेत, बरोबर आहे की नाही देव जाणे.

मास्तरांनी जुन्या दाखल वहीच्या पुढच्या कोऱ्या पानांवर पट्टीने रेघा मारून चार रकाने केलेत, कृती, पाठ, आवृत्ती, प्रत. संगणकावर आहे की हो ते, असं म्हटलं तर म्हणाले वीज गेल्यावर? परवा शेजारच्या गावातून एकांचा फोन आला होता, त्यांच्या वडलांच्या ट्रंकेत नाटकाच्या पंधरा-वीस वह्या आहेत, वाळवी लागायच्या आधी बघून जा म्हणाले. मी लगेच येते म्हटलं तर म्हणतात, आता गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायची गडबड आहे, चवथ झाली की या.